बोंडू खाणारं खोकड

तिला मी चोर ठरवलं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि पार्से गावच्या सड्याखाली, कातळाच्या पठाराच्या उतारावर, मी आमची काजूची बाग राखत होतो. रोज झाडांखालचे बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, नाहीसे व्हायचे, बिया तेवढ्या मातीत पडलेल्या असायच्या. सड्यावर गवत कापणारी एक बाई संध्याकाळी बागेतूनच उतरायची. तिचं नावही मी कधी विचारलं नव्हतं.

"घरी हुर्राक गाळतंस काय गो?" मी बागेतल्या मजुरांसमोर तिला बोंडूच्या दारूवरून टोमणा मारला.

ती म्हणाली, "चोरी करूची आसती तर बियो सोडून बोंडू कित्याक व्हरतंय, भाऊ? बाजारात बियेक मोल आसा."

मला ते तेव्हाच पटलं होतं. पण मजूर माझ्यावर हसले होते, म्हणून मी आळ मागे घेतला नाही.

त्या दिवसापासून ती माझ्यासमोर भारा उतरवायची, सोडायची, गवत झटकून दाखवायची आणि पुन्हा बांधून निघायची. मी तिला कधी थांबवलं नाही.

मग एकदा तिन्हीसांजेला झाडाखाली खोकड दिसलं. मांजराहून जरासं मोठं, राखाडी, शेपटीचं टोक काळं. दिवसभर सड्यावरच्या बिळात निजून आता बाहेर पडलेलं. पंजाखाली बोंडू दाबून ते चवीने खात होतं. तोंड पोळवणारी बी त्याने तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी भारा उतरवायला तिने हात वर केले. मजूर तिथेच होते.

"सोडू नको, बाय," मी म्हणालो. "बोंडू खोकड खाता. तुज्यार उगीच आळ घेतलंय. माजां चुकलां, माका माफ कर."