उंबराच्या पाण्याचं एक तिकीट

उभ्या सातारा-सांगलीत आपल्या गावाचा पत्ता सांगायला सगळ्यांत जास्त वेळ घेणारा माणूस कोण, अशी कुणी स्पर्धा लावलीच तर माझ्या आत्याचे थोरले दीर अंथरुणातून न उठता पहिले येतील. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणत आलो. लष्करातून हवालदार होऊन परतले त्याला जमाना झाला, पण अजून सकाळी सहाला दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, मिशीला पीळ देऊन तयार असतात. कशाला तयार असतात ते विचारू नये. शिरवळच्या अलीकडे हायवेला चिकटून त्यांची एवढीशी वस्ती, आणि तिला नावं पाच. उंबराखाली झरा होता तेव्हा ती उंबराचं पाणी. शिंद्यांची घरं वाढली तशी शिंदेवस्ती. हायवे रुंद झाला, निम्मी घरं टेकाडावर सरकली, म्हणून वरची वस्ती. पुढं ग्रामपंचायतीला सुधारणेचा झटका आला आणि आनंदनगर झालं. आता समोर कारखाना आलाय, तर सगळा मुलूख तिला कंपनी गेट म्हणतो. उंबर गेला, झरा हायवेखाली गाडला गेला. मामांच्या तोंडातून मात्र पहिलं नाव काही जात नाही.

बरं, नुसतं नाव धरून बसले असते तरी चाललं असतं. पण या माणसाला सन-तारखांशी देणंघेणंच नाही, सगळा हिशेब नावांवर. "तू वरच्या वस्तीतला," असं मला सांगतात. मी जन्मलो साताऱ्यात, पण तेव्हा त्यांच्याकडं ते नाव चालू होतं ना, मग झालं. "शिंदेवस्तीत घेतलेली म्हस आनंदनगरात मेली," असं एकदा एका पाहुण्याला म्हणाले, तर तो बिचारा म्हणाला, एवढ्या लांब नेलीच कशाला? धाकट्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी पाचही नावं छापली. जो ज्या नावानं ओळखतो त्यानं त्या नावानं यावं, हे त्यांचं म्हणणं. पत्ता एवढा लांबला की खाली चुलत्यांची नावं बसेनात. सख्ख्या भावाचं, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांचंच नाव उडालं. ते अक्षता पडेपर्यंत मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले होते, आणि आत्या त्यांच्यापुढं जिलबीचं ताट धरून उभी. आता काय बोलावं!

एसटीत त्यांच्याबरोबर चढणं म्हणजे तर शिक्षाच. एकदा साताऱ्याच्या स्टँडवर मी सापडलो. गाडी खच्चून भरलेली.

"एक उंबराचं पाणी द्या," मामा म्हणाले.

कंडक्टर तरणा होता. "आसा स्टॉप मशिनीत न्हाई, बाबा."

"मशिनीत नसंल, रस्त्याला हाय. खंडाळ्याच्या म्होरं."

"कंपनी गेट म्हना की मग."

"तुमच्या मशिनीत काय बी दाबा. पर तोंडानं एकदा म्हना, उंबराचं पाणी."

मागून लोक ओरडायला लागले. शेवटी कंडक्टरनं ते नाव उच्चारलं, तेव्हा कुठं मामा सीटवर टेकले. मी लाजेनं मान खाली घातली होती. "आवं मामा, दर वेळी हा तमाशा कशाला?" मी वैतागून विचारलं.

मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमची भन आक्का तासगावाकडं दिली तवा गावाला येकच नाव हुतं. आता तिला सुनंचं नाव आठवत न्हाई रं, पर म्हायारचं आठवतंय. तीनदा घरातनं निगाली, मला उंबराच्या पाण्याला सोडा म्हनत. कवा स्टँडवर येकटी आली, तर कुना कंडाक्टरला ठावं पायजे का नगं?"

एवढी वर्षं या माणसाला आपण चक्रम म्हणत आलो, याची मला खरंच लाज वाटली.

पुढं तसंच झालं. आक्का घरातून निघाल्या आणि कुणीतरी त्यांना साताऱ्याच्या गाडीत बसवून दिलं. तिकडं तासगावकडं शोधाशोध चालू, आणि इकडं दिवस कलायच्या आत कंपनी गेटला एसटी थांबली. साताऱ्याच्या स्टँडवरचा तोच तरणा कंडक्टर हाताला धरून आक्कांना खाली उतरवत होता. "हवालदार," तो म्हणाला, "ह्ये घ्या तुमचं उंबराचं पाणी."

आक्कांनी ट्रक बघितले, कारखान्याचं फाटक बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये न्हवं माजं गाव." जन्मात पहिल्यांदा मामांनी नावावरून वाद घातला नाही. बहिणीला घरामागं नेलं, पायरीवर बसवलं आणि नळाचा तांब्या भरून हातात दिला. आक्का सगळा तांब्या प्यायल्या. "ग्वाड हाय अजून," म्हणाल्या. मग त्या तिथंच राहिल्या आणि वर्षाच्या आत तिथंच गेल्या.

यंदा हायवेवर वस्तीची पाटी लावायची ठरली. ग्रामसभेत शिंदेवस्तीवाले एकीकडं, आनंदनगरवाले दुसरीकडं. मामा उठल्यावर तासाभराची निश्चिंती म्हणून लोकांनी तंबाखू मळायला घेतली.

"कंपनी गेट लिवा," मामा म्हणाले. "पोरंबाळं, पावनंरावळं समदी त्येच म्हनून उतरत्यात. कुनाची वाट चुकाय नगं."

"आन् उंबराचं पानी?" कुणीतरी विचारलं.

"त्या नावानं येनारं आता कोन ऱ्हायलं न्हाई," म्हणाले आणि खाली बसले. पाटी लागली. आमची आत्या सांगते, तेव्हापासून मामा स्टँडवरसुद्धा निमूटपणे कंपनी गेटच मागतात.

गेल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला निघालो. कंडक्टर एक नवीनच बाई होत्या, मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. कंपनी गेट म्हणायचं म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं उंबराचं पाणी. बाईंनी मान वर न करता मशीन दाबलं, तिकीट हातात दिलं आणि विचारलं, "हवालदारांकडं व्हय?"

घरी गेल्यावर मामांना सगळं सांगितलं. ते "बरं" एवढंच म्हणाले. मग हात पुढं करून ते तिकीट मागून घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.