स्तामाताच्या चादरींचं चिलखत

त्या चिलखताचं नुसतं नाव काढलं तरी स्तामाताला थकवा यायचा. सरसाचा वास तिच्या पडद्यांत होता, उशांत होता, रविवारच्या कोकराच्या रश्श्यातसुद्धा होता. कापडाचे थर चिकटवायचा, सशाच्या कातड्याचा सरस तो. मंद आचेवर शिजवायचा, उकळू द्यायचा नाही. गल्लीतली झाडून सगळी मांजरं दारात ठाण मांडून बसायची.

तिचा नवरा अर्गिरिस. गावातून नाफ्प्लिओ शहराला जाणारी बस जन्मभर त्याने चालवली. निवृत्त झाला, वेळ जाईना म्हणून एकदा तिथल्या संग्रहालयात शिरला, आणि तिथेच घात झाला. एका प्राचीन मडक्यावरच्या चित्रात एक शिपाई चिलखत चढवत होता. एका खांद्याची पट्टी छातीशी बांधलेली, दुसरी अजून मोकळी, आणि ती मोकळी पट्टी कानामागे ताठ उभी!

"कापडाची चिलखतं होती म्हणतात," तो घरी येऊन सांगू लागला. "सगळी कुजली, एक म्हणून उरलं नाही. पण ही पट्टी बघ ना. ही मान का टाकत नाही?"

"चित्रातली आहे म्हणून," स्तामाता म्हणाली.

पण तिचं ऐकतो कोण! तिच्या आईने मागावर विणलेल्या, लग्नात पेटी भरून आलेल्या जवसाच्या धाग्याच्या चादरी एकेक करून कात्रीखाली गेल्या. आधी थर शिवून पाहिले. शिवले अर्थात तिनेच. पट्टीने लगेच मान टाकली. मग सरस आला. पहिला नमुना त्याने मडक्याच्या फोटोवरून जसाच्या तसा उतरवला. मडकं पोटाला फुगीर, तसं चिलखतही फुगीर झालं. ते घालून हा शहाणा कॉफीच्या दुकानात गेला. "काय सेनापती, कितवा महिना?" लोकांनी विचारलं. आठवडाभर तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

शेवटी दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने सरसात भिजवलेले थर स्वतःच्याच अंगाभोवती गुंडाळून घेतले आणि वाळेपर्यंत शेगडीजवळ हात वर करून उभा राहिला. स्तामाताने त्याला चमच्याने सूप भरवलं. संध्याकाळी डाव्या कुशीवरून कापून त्याला बाहेर काढलं. मडक्यावरही जोड डावीकडेच, ढालीच्या आड. तिथे कडेला कड लागली पाहिजे, दार लागतं तशी. त्यानंतर खांद्याच्या पट्ट्या, वाकता यावं म्हणून कमरेखालच्या झालरी, नाड्या, हे चाललंच होतं.

आणि या थंडीत अर्गिरिस वाळायला लागला. ताटात निम्मं अन्न राहायचं. जिना चढला की भिंतीला टेकायचा. स्तामाता म्हणायची, "अरे, चल की इस्पितळात. तुझ्या विजारी आत घेऊन घेऊन माझी बोटं दुखायला लागली."

"मडक्यावरच्यासारखं अंगावर बसू दे, मग येतो. शब्द!"

किती विनवायचं? तिने हात टेकले. रडायचं म्हटलं तरी अंगात त्राण नव्हतं. चिलखत एकदाचं पुरं होऊ दे, एवढीच वाट ती बघत राहिली.

ते पुरं झालं एका सकाळी, स्वयंपाकघरात. अर्गिरिस हात वर करून उभा राहिला. तिने चिलखत चढवलं, उजवी पट्टी छातीशी बांधली. डावी सोडली तर कानामागे ताठ उभी! म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "बघ, स्तामाता! बघ!"

मग तिने कुशीची नाडी ओढली. कडेला कड लागली नाही. एक कड दुसरीवरून सरकली ती सरकतच गेली, चांगली वीतभर.

"सरस सैल पडला," अर्गिरिस हळूच म्हणाला.

सरस वाळला की आवळतो, सैल पडत नाही. हे त्यानेच तिला शिकवलं होतं. 

"उसवतो सगळं," तो म्हणाला. "पुन्हा अंगावर माप घेतो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत होईल."

स्तामाताचा जीव गलबलला, आणि रागही आला, दोन्ही एकदम. ती आत गेली. पेटीच्या तळाशी एक चादर तिने त्याच्यापासून लपवून ठेवली होती. आपल्याला शेवटी तीच गुंडाळतील म्हणून. ती घेऊन आली, घडी घातली, त्याच्या बरगड्यांभोवती चिलखताच्या आत खोचली, आणि नाडी आवळली. कडेला कड लागली.

"बसलं," ती म्हणाली. "शब्द दिला होतास."

त्याने आत बोटं घालून कापड चाचपलं. "ही कुठली?"

"माझी. मरणासाठी ठेवलेली."

"अगं, मग..."

"मला इतक्यात नकोय. तुलाही नको. चल."

अर्गिरिसने तिच्याकडे बघितलं, मग खाली आपल्या अंगाकडे. "असाच येऊ? बसमध्ये? सगळे हसतील."

"हसू देत. काढलंस तर पुन्हा उसवत बसशील, यायचा नाहीस तू."

 कानामागची ताठ पट्टी अर्गिरिसने स्वतःच खाली ओढली आणि छातीशी धरली.

"बांध," तो म्हणाला. "नऊची बस चुकेल."