जरा सरकलंय

आमच्या गल्लीत अण्णांनी संगणकात ट्यूनर बसवून सगळ्यांना टीव्ही दाखवायचा चंग बांधलाय. बिघाडाला ते बिघाड म्हणत नाहीत. "जरा सरकलंय," म्हणतात. डिशपुढची सिग्नल पकडणारी डबी उन्हानं तापली की फ्रिक्वेन्सी सरकते. मग अण्णा जीभ बाहेर काढून ट्यूनरच्या ड्रायव्हर प्रोग्रॅममधला आकडाही तेवढाच सरकवतात.

परवा कुस्तीची फायनल रंगात आली आणि पडदा काळा! गल्ली ओरडायला लागली.

"गप बसा रं!"

अण्णांनी आकडा बदलला आणि पैलवान दिसले. अण्णा हरखून गच्चीवर धावले आणि त्यांनी डिशला कडकडून मिठी मारली.

पडदा पुन्हा काळा.

"अण्णा, सोडा की तिला!"

आता डिश आभाळातला उपग्रह सोडून थेट कारखान्यांच्या उद्यमबागेकडं तोंड करून होती. कठड्यावरून अण्णांनी डोकावून विचारलं, "जरा सरकलंय व्हय?"