काकाजींनी पुन्हा खिळे हातात घेतले तेव्हा

वर्ध्याच्या ज्या छापखान्यात मी प्रुफं तपासायचो, तिथले मुख्य जुळारी देवळीहून रोज सायकलने येत. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे आणि हातातल्या स्टिकमध्ये ओळ जुळवायची, हे त्यांचं काम. समोरच्या शेकडो खणांकडे न बघता त्यांचा हात नेमक्या अक्षरावर पडायचा. गप्पा मारता मारता अख्खी लग्नपत्रिका जुळवून ठेवत.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका जीपने त्यांना मागून उडवलं. डोक्याला जबर मार बसला. नागपूरला ऑपरेशन झालं; कितीतरी दिवस शुद्ध नव्हती. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं, पण हाक मारायला शब्द सापडेना. मी आधी शाळेत शिकवायचो म्हणून ते मला गुरुजी म्हणायचे. त्या दिवशी 'पाटी' म्हणाले, आणि चुकलं हे कळून त्यांनी डोळे मिटून घेतले.

सात महिन्यांनी ते काकूंसोबत बसने आले आणि छापखान्याच्या दारात उभे राहिले.

मालक म्हणाले, "काकाजी, आराम करा अजून. घाई काऊन करता?"

काकाजी थांबत थांबत बोलले, "घरी बसून डोस्कं आनखी खराब होऊन राह्यलं. मले झाडू माराले लावा, पन येऊ द्या."

मालकांनी त्यांना खिळे सोडवायचं काम दिलं. म्हणजे छापून झालेल्या मजकुरातली अक्षरं परत आपापल्या खणात टाकायची. हे नवशिक्याचं काम. ज्यांनी तिथल्या सगळ्यांना शिकवलं त्यांना त्या बाकावर बसलेलं पाहून मलाच ओशाळल्यासारखं झालं. ते मात्र मुकाट कामाला लागले. मशीनचा खडखडाट सुरू झाला की त्यांचं डोकं ठणकायचं, म्हणून काकू सकाळीच त्यांच्या कानात कापसाचे बोळे घालून पाठवत. दुपारी ते कागदाच्या गठ्ठ्याला टेकून झोपी जात.

तिसऱ्या आठवड्यात एका प्रश्नपत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं. त्यात 'मराठी'चं 'भराठी' झालं होतं, 'मुलगा'चं 'भुलगा'. काकाजींनी म आणि भ एकाच खणात टाकले होते. शेजारचा जुळारी फिसकन हसला.

"हासतं काऊन?" काकाजी म्हणाले. "माही चूक हाये. दे इकडे तो खन."

दोन दिवस ते एकेक खिळा उजेडात धरून निवडत होते. एकदा त्यांनी स्टिक भिरकावून दिली आणि तोंड झाकून रडले. मग स्वतःच उठून ती उचलून आणली.

त्यानंतर ते मशीन सुरू व्हायच्या आधी, अर्धा तास लवकर येऊ लागले. मलाही बोलावलं. "गुरुजी, चार शब्द सांगा. जास्त नोको." मी चार शब्द सांगायचो, ते जुळवायचे. बहुतेक वेळा तिसऱ्यापाशी अडायचे. मी सांगायला गेलो की हाताने थांबवत. "थांबा. येऊन राह्यला तो." कधी तो शब्द यायचा, कधी नाही. धीर नाही म्हणून शाळा सोडलेला मी, त्यांच्यासमोर गप्प बसायला शिकलो.

वर्षभराने केळझरच्या एका घरची लग्नपत्रिका त्यांनी एकट्याने जुळवली. पूर्वीच्या चौपट वेळ लागला. मी प्रूफ तीनदा वाचलं, खरं सांगायचं तर भीतभीतच. चूक सापडली नाही.

"काय गुरुजी, तपासून राह्यले का पाठ करून राह्यले?" त्यांनी विचारलं. अपघातानंतरची त्यांची ती पहिली थट्टा.

जुना वेग परत आला नाही. दुपारची डोकेदुखीही गेली नाही. मालकांनी त्यांना पुन्हा पुस्तक जुळवायला दिलं नाही. ते त्यांना लागलं आणि त्यांनी एकदा तसं बोलूनही दाखवलं. पण पुढची नऊ वर्षं, रोज अर्धा दिवस, ते पत्रिका जुळवत राहिले. नवा माणूस कामाला आला की मालक त्याला काकाजींच्या शेजारी बसवत, कारण चुकणाऱ्यावर ते कधीच ओरडत नसत.