कूलरच्या खिडकीतलं झाड

गेल्या उन्हाळ्यात मी एक जिवंत झाड कुरडयांच्या डब्यात भरून ठेवलं. झाकण घट्ट लावलं, मुंग्या लागू नयेत म्हणून डब्याभोवती हळदीची रेघही ओढली. तिसऱ्या दिवशी, यंदाच्या कुरडया कशा फुलतात ते बघावं म्हणून बायकोनं डबा उघडला. तेल तापलेलं होतं. तिनं वरचीच एक उचलली, कढईवर धरली आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारली, "अहो, ही कुरडई हिरवी काऊन आहे?"

मी चष्मा लावून गेलो. तीन दिवसांपूर्वी लावला असता तर ही वेळ आली नसती.

ते झाड आमच्या लेकीचं. एकुलती एक लेक, नोकरीसाठी स्वीडनला गेली. जाताना मागे फार काही ठेवून गेली नाही; कपाटात जुन्या वह्या, दाराच्या मागे एक ओढणी आणि खिडकीत दोऱ्याला टांगलेलं हे बारीक, वेटोळ्या पानांचं मूठभर झाड. त्याला कुंडी नाही, माती नाही. आठवड्यातून एकदा पाण्यात बुडवायचं, उलटं धरून झटकायचं आणि परत टांगायचं. बाकी ते हवेवर जगतं. बायकोनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव बांडगूळ ठेवलं होतं.

"पाण्याचं सोपं आहे बाबा," लेक बॅग भरता भरता म्हणाली होती, "उजेडाचं सांभाळा. भरपूर उजेड पाहिजे, पण भाजणारं ऊन नको. सकाळचं कोवळं चालते. अन् ऊन वर्षभर एका जागी राहत नाही, तुम्ही त्याच्या मागं सरकवत राहा."

हे ती मला सांगत होती. नांदुऱ्यात इतकी वर्षं मी भूगोल शिकवतो. उत्तरायण, दक्षिणायन, पृथ्वीचा कललेला आस, सगळं फळ्यावर झोपेत काढून दाखवीन. पण माझ्याच घरात ऊन सरकतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. सूर्य माझ्यासाठी परीक्षेत पाच गुणांना यायचा.

लेक गेली आणि तिच्या खोलीत माझी शाळा भरली. खिडकी पूर्वेची. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत मी एक सुतळी बांधली आणि झाड त्या सुतळीवर पुढं-मागं सरकवू लागलो. सकाळी आठला ऊन फरशीवर कुठपर्यंत येतं, तिथं महिन्यातून एकदा पेन्सिलीनं फुली मारायची, शेजारी महिन्याचं पहिलं अक्षर. दिवाळीनंतर ऊन तिरकं होत गेलं, आत आत शिरलं, आणि डिसेंबरात एका सकाळी चक्क तिच्या पलंगाच्या पायाला जाऊन टेकलं. मी तिथं फुली मारली आणि थोडा वेळ पलंगावर बसलो. गुडघ्यासाठी बसलो, असं बायकोला सांगितलं.

लेकीचा फोन रविवारी दुपारी यायचा. आधी बापलेकीचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं. जेवली का, जेवली. घे, आईशी बोल. आता ती पहिल्यांदा मलाच मागायची.

"बाबा, आज ऊन कुठपर्यंत आलं?"

"तुझ्या पलंगाच्या पायापर्यंत."

"खरंच? इथं सकाळचे नऊ वाजले, अजून रस्त्यावरचे दिवे चालू आहेत." मग म्हणायची, "दाखवा ना."

मी फोन घेऊन तिच्या खोलीत जायचो. दुपारी तिथं ऊन कुठलं, पण फरशीवरची फुली दाखवायचो. ती फुलीकडे बघत राहायची. मी फोन हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरायचो.

मेअखेरीस येते, असं तिनं जानेवारीत कळवलं. तेव्हाच मी ठरवलं, ती दारातून आत येईल तेव्हा हे झाड तिच्याच खिडकीत, तिनं ठेवलं तसं, हिरवंगार दिसलं पाहिजे. यापेक्षा मोठी जबाबदारी मी दहावीच्या वर्गाचीही घेतलेली नाही.

पण होळी झाली आणि कूलर निघाला. आमच्याकडे होळीनंतर कूलर खिडकीत चढतो तो पाऊस स्थिरावल्यावरच उतरतो. आणि घरात कूलरचं लोखंडी स्टँड एकाच खिडकीला आहे, लेकीच्या. ती शाळेत असल्यापासून उन्हाळ्यात तिघांच्या गाद्या त्याच खोलीत पडायच्या. कूलरसमोरची जागा तिची. तोंडावर पाण्याचे शिंतोडे उडाले की ती झोपेतच हसायची. मी सवयीनं कूलर बसवला, आणि बसवल्यावर कळलं की खिडकी गेली. सगळा उजेड वाळ्याच्या ताट्यांनी खाल्ला.

मग मी झाड घेऊन घरभर फिरलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत फोडणीचा धूर. बैठकीची खिडकी पश्चिमेची, तिथं दुपारी पायरीवरची चप्पलही वाकडी होते. उत्तरेला शेजाऱ्यांची भिंत. शेवटी गच्चीवर बायकोचं वाळवण दिसलं. बाजेवर कुरडया, वर तिची जुनी पातळ साडी. म्हणजे गाळलेलं ऊन. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी झाड दोऱ्यातून काढून त्या साडीखाली, कुरडयांच्याच रांगेत ठेवून दिलं.

चौथ्या दिवशी दुपारी धुळीचं वारं सुटलं. खालून बायको म्हणाली, "अहो, कुरडया आवरा लवकर, माती बसंल." मी आवरल्या. डोळ्यांत धूळ, चष्मा खाली. दोन्ही हातांनी परातीत ओढल्या आणि डब्यात भरल्या. कोरडं झाड आणि वाळलेली कुरडई यांत हाताला फार फरक लागत नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

डब्यातून निघालं तेव्हा त्याची खालची पानं तपकिरी झाली होती. त्या रविवारी मी फोनसमोर त्याची चांगली बाजू धरली.

"जरा फिरवा बरं बाबा."

"फिरवायचं काय त्यात, सगळीकडून सारखंच आहे."

मागून बायकोचा आवाज आला, "सांगा ना तिले. तळायला निघालो होतो म्हणावं तुझ्या बांडगुळाले."

लेक इतकी हसली की चित्र हलायला लागलं. हसणं थांबल्यावर म्हणाली, "बाबा, कूलर बसला का आपला?" मी हो म्हणालो. "मग माझ्या खोलीत अंधार असंल आता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कूलर उतरवला. झाड पुन्हा सुतळीवर गेलं. ऐन उन्हाळ्यात ऊन आठ वाजता उंबऱ्याएवढंच आत येतं, आणि नेमकं तेवढंच त्याला हवं होतं. आम्ही दोघं बैठकीत पंख्याखाली झोपू लागलो. पंखा गरम हवा वरून खाली पाठवायचा. बायको ओला पंचा अंगावर घेऊन म्हणायची, "झाड मजेत आहे ना? मंग आपलं काय, आपण वाळवणच." पण कूलर बसवा, असं एकदाही म्हणाली नाही. मेच्या मध्यात झाडाच्या मधोमध नवं पान आलं. मी त्याचे सात फोटो पाठवले. सातही सारखेच होते.

आणि मग एका रविवारी लेक पहिल्यांदाच म्हणाली, "बाबा, आधी आईले द्या." तिथं राहण्याचं कार्ड नवं करायला टाकलेलं, ते हातात आल्याशिवाय देश सोडता येत नव्हता. सोडला तर परत जायला अडचण. मेचं येणं रद्द. डिसेंबरात बघते, म्हणाली. "इथं आता ऊनच ऊन आहे," ती मला म्हणाली, "जेवणं झाली तरी मावळत नाही. काय करू त्याचं?" भूगोलातलं उत्तर येत होतं, ते दिलं नाही.

फोन ठेवला आणि मी सरळ पाना घेऊन उठलो. कूलर गच्चीच्या जिन्यात उभा होता. त्याची धूळ झटकली, ताट्या ओल्या केल्या. आता कुणासाठी घामात झोपायचं? झाड बसेल कुठंतरी कोपऱ्यात. मी सुतळीची गाठ सोडायला हात घातला, तर बायको दारात येऊन उभी. हातात फरशी पुसायचं फडकं होतं.

"राहू द्या तो कूलर," ती म्हणाली. "एवढे दिवस काढले, पावसाले आता किती दिवस राह्यले? अन् हे पाहा, पलंगापाशी ती डिसेंबरची फुली फिकी होऊन राह्यली. मी रोज पुसताना फडकं तिथून वळवून घेते, तरी जाते थोडी थोडी. पेन्सिल आणा अन् गिरवून ठेवा एकदा."