लिफ्टमध्ये अडकलेली लांडग्याची गोष्ट

मंडळी, आज दुपारचीच घटना आहे, विसरायच्या आत लिहून टाकते.

अयोध्या नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना मी दर रविवारी देशोदेशीच्या लोककथा मराठीत सांगते. आज त्यानंतर सहा वर्षांच्या इराला चौथ्या मजल्यावर तिच्या घरी सोडायला निघाले आणि लाइट गेली. लिफ्ट मध्येच थांबली. मोबाइलला रेंज नव्हती. मी दार बडवलं, हाका मारल्या. कोणी आलं नाही.

"काकू, मला सांस येत नाहीये," इरा म्हणाली. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी शेळी आणि तिच्या करडांची जर्मन गोष्ट सुरू केली. लांडग्याने करडं अख्खी गिळली, इथवर आले आणि थांबले. अंधारात घाबरलेल्या पोरीला मी लांडग्याच्या काळोख्या पोटात नेऊन ठेवलं होतं.

"मग आत ती काय करतात?" तिने विचारलं.

मूळ गोष्टीत याबद्दल काहीच नाही. "तूच सांग," मी कसंबसं म्हटलं.

ती म्हणाली, "एकमेकांना हात लावून बघतात, सगळी आहेत ना. मग हळूहळू सांस घेतात."

आणि ती तसा श्वास घेऊ लागली. मीही.

वीस मिनिटांनी वॉचमनने दार उघडलं. इरा बाहेर धावत आलेल्या तिच्या आईला बिलगली आणि तेव्हा कुठे रडली.

एरवी मुलं घाबरतील म्हणून मी करडं गिळण्याचा प्रसंग गाळते. तुम्ही गोष्टी सांगताना त्यातली भीती ठेवता की काढून टाकता?