खंडेनवमीची साफसफाई

आमच्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, जेवताना कुणी उठवलेलं खपायचं नाही. अपवाद फक्त एका कारखान्याचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या फाउंड्रीचा माणूस एम-एटीवरून पेठ वडगावला आमच्या दारात यायचा, गाडी बंद न करताच "मिस्त्री, प्लँट थांबलाय" म्हणायचा, आणि आण्णा ताट झाकून निघायचे. आई करवादायची. आण्णा मात्र खुशीत असायचे. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, याच्याएवढं सुख त्यांना मटणाच्या जेवणातही मिळत नसे.

त्या फाउंड्रीत लोखंड ओतायच्या साच्यांसाठी वाळू तयार करायचा प्लँट होता. वाळू किती पडायची, पाणी कधी सुटायचं, मिक्सर कधी थांबायचा, हे सगळं आण्णांनी स्वतःच्या हाताने जोडलेलं रिले पॅनेल ठरवायचं. कपाटाएवढा लोखंडी डबा, आत ओळीने बसलेले रिले, म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप करणारे खटके, आणि प्लँट चालू असेपर्यंत त्यांची टकटक. आण्णा त्या रिलेंबद्दल बैलांबद्दल बोलावं तसं बोलायचे. हा दमलाय, तो लबाड आहे, ह्याला जरा दम खाऊ दे.

नव्वदचं दशक सरता सरता मी डिप्लोमा करून उद्यमनगरातल्या एका छोट्या कंपनीत लागले. पुण्याला जाऊन पीएलसी शिकून आले. आणि नशिबाची गंमत बघा, मला पहिलंच स्वतंत्र काम मिळालं ते आण्णांचं पॅनेल काढून तिथे पीएलसी बसवायचं. आण्णांनी मला शाबासकी दिली, पेढे आणले. रात्रीची जेवणं झाल्यावर मात्र स्वयंपाकघरात आईला विचारलं, "मग आता मला कोण बोलवायला येतंय तिथं?" मी बाहेरच्या खोलीत होते. मला ऐकू आलं.

पीएलसी म्हणजे काही भुताटकी नव्हे, रिलेंचं काम प्रोग्रामवर करणारा छोटा कॉम्प्युटर. एका पट्टीवर ओळीने कप्पे बसवायचे. डावीकडे वीज पुरवणारा, त्याच्या शेजारी सगळ्यांचं डोकं, मग बटणं आणि सेन्सर काय सांगतात ते ऐकणारी इनपुट कार्डं आणि शेवटी मोटारींना आणि व्हॉल्व्हना हुकूम सोडणारी आउटपुट कार्डं. आमच्या बनावटीत या कार्डांवर एक बारकी चकती असायची. स्क्रूड्रायव्हरने ती फिरवून कार्डाला नंबर द्यायचा. प्रोग्राम त्या नंबरावर हुकूम सोडतो. कार्ड पट्टीवर कुठे बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

कंपनीचा कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर धरून मी फाउंड्रीत नेला. आण्णा हाताची घडी घालून मागे उभे राहिले, परीक्षकासारखे. मी पडद्यावर प्रोग्राम उघडला. दोन उभ्या रेघा आणि मधे शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी. आण्णा वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"आगं, हे तर माझंच वायरिंग की!"

होतंच ते. रिलेवाल्यांना कळावं म्हणूनच ती शिडी केलेली असते. पण आण्णांना वाटलं, लेकीने आपलं पॅनेल मोडलं नाही, उतरवून घेतलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि मग जे सुरू झाले! "मिक्सर आधी फिरू दे, पाणी मागनं. न्हाईतर बुडाला चिकटतंय." मी म्हणायचे, "बघतो की आण्णा, जरा थांबा!" (आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात.) ते थांबायचे नाहीत. भांडत, एकमेकांवर खेकसत आम्ही तो प्रोग्राम पुरा केला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात आनंदाचे दिवस. त्यानंतर मोठमोठ्या प्लँटचे प्रोग्राम लिहिले, पण स्टुलावर बसून माझ्याशी वाद घालणारं कुणी नव्हतं.

प्लँट नव्या डोक्यावर चालू झाला. टकटक नाही, काही नाही. आण्णा थोडा वेळ कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चांगलं चाललंय." त्यांचं जुनं पॅनेल गोडाऊनमध्ये गेलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी फाउंड्रीतलं प्रत्येक यंत्र धुऊनपुसून पूजेला लागतं. पॅनेलची सफाई दरवर्षी आण्णांकडे असायची आणि त्यांची एक पद्धत होती. सगळे रिले उपसायचे, पुसायचे आणि परत बसवताना जागा बदलायच्या. वर्षभर राबलेल्याला हलकी जागा, बसून खाल्लेल्याला कामाची. रिले सगळे सारखेच, कुठेही बसवले तरी चालतात. त्या वर्षीही मालकांनी सवयीने आण्णांनाच बोलावलं. आण्णा नवं धोतर नेसून गेले. कार्डं काढली, मऊ फडक्याने पुसली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चिरमुऱ्यांचा प्रसाद वाटून घरी आले. बऱ्याच दिवसांनी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि सकाळी प्लँट चालू केला. वाळूचा पट्टा जागचा हलला नाही, पाण्याचा व्हॉल्व्ह मात्र उघडला तो उघडाच राहिला. मिक्सरमधून चिखल वाहत साच्यांपर्यंत गेला. मला बोलावणं आलं, आण्णाही बरोबर आले. मालक संतापाने लाल झाले होते.

"मिस्त्री, तुमचं पॅनेलच बरं हुतं," ते सगळ्या कामगारांदेखत ओरडले. "हिच्या कंपनीला कळवतो मी. काढा ही पेटी. गोडाऊनमधनं जुनं आणा आन् लावा परत!"

आण्णांचा चेहरा मी पाहिला. क्षणभर, अगदी क्षणभर, तो उजळला.

मी पेटी उघडली. दोन आउटपुट कार्डांच्या चकत्या बघितल्याबरोबर कळलं. कार्डांची अदलाबदल झाली होती, आणि आपापले नंबर घेऊन ती एकमेकांच्या जागी बसली होती. पाण्याच्या वायरी आता वाळूचा हुकूम ऐकत होत्या. जास्त राबलेल्या कार्डाला आण्णांनी हलकी जागा दिली होती. मला रागही आला आणि रडूही आलं. मी मान वर न करता स्क्रूड्रायव्हर काढला. दोन्ही चकत्या फिरवायच्या आणि वायर सैल झाली होती म्हणून सांगायचं, एवढंच काम होतं.

पण आण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. शिडी वाचणाऱ्या माणसाला दोन नंबर वाचायला कितीसा वेळ लागतो?

"मालक, वराडू नगासा," ते मोठ्याने म्हणाले. "पोरीचं काय चुकलं न्हाय. कार्डं म्या बदललीत. रिलेवानी हाय समजलो. आता ह्या पेटीला तिच्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय. म्यासुदिक न्हाय."

मी कार्डं जागच्या जागी लावली, बटण दाबलं, पट्ट्यावरून वाळू धावली. मालक वरमले. निघताना म्हणाले, "मिस्त्री, येत जावा की अधनंमधनं. च्यापाण्याला तरी."

"काम निघालं की सांगा. येतो."

काम निघालंच नाही. प्रोग्राम आम्ही दोघांनी इतका चोख लिहिला होता की तो कधी अडकला नाही. आण्णा जेवताना विचारायचे, "प्लँट चाललाय न्हवं?" मी अभिमानाने सांगायचे, "एकदम झकास." ते म्हणायचे, "मग बरं झालं," आणि भाकरी मोडायचे. वर्षानुवर्षं हेच. तेव्हा मला वाटायचं, माझं कौतुक म्हणून विचारतात.

आण्णा गेले. एकदा तरी, खोटं का होईना, मी त्यांना ताटावरून उठवून म्हणायला हवं होतं, "बंद पडलाय, आण्णा. तुम्हालाच बोलावलंय."